फलकांआधी माहिती एकत्र आणा
सिंहस्थासाठी शहरात इलेक्ट्रॉनिक माहितीफलक लावण्याबाबतचे वृत्त वाचले. फलक हवेतच, पण त्यांवरची माहिती एकत्र कोण करणार? नाशिकरोडला उतरून रामकुंडावर जाणाऱ्या भाविकासाठी गाडीची वेळ रेल्वेकडे, शहर बसची सिटीलिंककडे, तर द्वारका चौकातल्या कोंडीची खबर पोलिसांकडे. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या आईला धरलेल्या माणसाने तीन ठिकाणी विचारत फिरायचे का? बसच्या वेळा सामायिक स्वरूपात देण्याचे ‘जीटीएफएस’ हे खुले प्रमाण २००६ पासून जगात रुजले आहे. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला, हे नाशिककर विसरलेले नाहीत. रस्ता बंद होताच बसचालकाला आणि थांब्यावरच्या प्रवाशाला त्याच मिनिटाला कळले पाहिजे, अशी अट निविदेतच घालावी.

– एक प्रवासी, नाशिकरोड