लोखंड तापलं, बुडवलं, झालं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत स्वतःच धडपडून लोहारकाम शिकलेल्या कारागिरावरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरं वाटलं. पण त्यातली दोन वाक्यं वाचून तो कारागीर गालातल्या गालात हसला असणार.

पहिलं, ‘तो लोखंड वितळवून आकार देतो.’ वितळवणं हे ओतारीचं काम. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. लोहार ते फक्त मऊ करून ऐरणीवर ठोकतो. भट्टीतल्या तुकड्यातून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर तो जळाला म्हणायचं. तेवढा भाग कापून फेकावा लागतो.

दुसरं वाक्य जास्त खटकलं: ‘लालभडक पातं पाण्यात बुडवलं की अवजार तयार.’ माझी सगळी नोकरी हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून हवं तसं कडक करण्याच्या, भट्टीवर झाली. पाणी पाजलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलेलं, पोलाद कडक होतं खरं, पण काचेसारखं ठिसूळ. माझी पहिली छिन्नी पाण्यात असतानाच ‘टिक्’ करून तडकली होती. (ती तेलात बुडवायची होती, हे मला नंतर कळलं.) पाणी पाजल्यावर पातं घासून पांढरं करायचं आणि ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. मग त्यावर रंग चढतात: साधारण २२० अंशांना फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलात तर धार टिकते पण घाव बसला की टवका उडतो. निळ्यावर गेलात तर पातं वाकेल पण मोडणार नाही. कुऱ्हाड कुठे थांबवायची आणि कानस कुठे, यातच निम्मा धंदा आहे. लेखात त्यावर एक ओळ नाही.

‘गुरूविना शिकला’ असं तुम्ही मथळ्यातच म्हटलंय. मग कसा शिकला, हे विचारायला नको होतं का? उस्तादाच्या हाताखालच्या पोराला कोणीतरी ‘आता काढ’ म्हणणारं असतं. याला कोण सांगणार? तुमच्याच छायाचित्रात भात्यामागे तारेला टांगलेलं एक लोहचुंबक दिसतं. माझ्या मते याचा उस्ताद तोच. पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं की चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून थोडं पुढे नेलं की पाणी पाजायची वेळ. शेडही मुद्दाम अंधारी ठेवलेली दिसते. उन्हात लाल रंग फिका भासतो आणि माणूस लोखंड जास्त तापवून बसतो. वार्ताहराने मात्र ‘अंधाऱ्या, कोंदट शेडमध्ये उपेक्षित कला’ असं लिहून टाकलं!

उपेक्षेचं म्हणाल तर त्या माणसाला हार-तुऱ्यांपेक्षा पाजवायला आलेली अवजारं जास्त उपयोगी पडतील. शोभेच्या तलवारी करून हात तयार होत नाही. रोज वापरात बोथट होऊन परत येणारी कुदळच सांगते, मागच्या वेळी कुठे चुकलं ते.

चूक दुरुस्ती छापाच, कारण घरी करून बघणारे वाचक असतात. आणि वार्ताहराला पुन्हा पाठवा. छायाचित्रात डाव्या कोपऱ्यात मोडक्या पात्यांचा ढीग आहे, त्यातले दोन तुकडे मागून घ्यायला सांगा. जास्त तापलेलं पोलाद मोडलं की आत साखरेसारखे जाड, चकाकते कण दिसतात; बेताने तापवलेलं असेल तर मोडलेली जागा करडी आणि मखमलीसारखी बारीक. दोन्ही शेजारी ठेवून जवळून फोटो काढा.

आपला,
एक निवृत्त कामगार