साके म्हणजे शॉट नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

साके हे तांदळाचं जपानी मद्य म्हणजे एका दमात मारायचा शॉट असं आपल्याकडे बरेच जण समजतात म्हणून मुद्दाम लिहितोय. मी तोक्योत राहतो, डिसेंबरअखेर इथे एका टेस्टिंगला गेलो होतो, पहिल्यांदा थंड जुनमाई दायगिंजो दिली, म्हणजे वरून अल्कोहोल न घालता, तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहून कमी ठेवून केलेली साके, सोबत ताई माशाचं साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, आणि घोटभर प्यायल्यावर माशाची गोडी जिभेवर अशी काही खुलली की बस्स! मग साधी जुनमाई, म्हणजे दाणा इतका न घासता केलेली, कोमट करून, शिजवलेल्या मुळ्याबरोबर. मला तर तीच जास्त आवडली. मधेमधे पाणी प्यायचंच. साके बनवताना कोजी नावाची बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते, त्याच पिंपात यीस्ट ती आंबवतं, ही कला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. तुमच्या पुरवणीत यावर सविस्तर छापा ना प्लीज.

– एक वाचक, तोक्यो