दगडांचं रिंगण दिसलं की पांडवच का?

मा. संपादक,
स. न.

शेतात किंवा डोंगराच्या पायथ्याशी गोट्यांचं रिंगण दिसलं की खान्देशात उत्तर तयार असतं : ‘हाई पांडवेसनं काम शे.’ हेमाडपंती देऊळ पांडवांचं, लेणीही त्यांचीच. नागपूरकडे हा मान गवळी राजाला मिळतो, कर्नाटकात हिरेबेणकलला ठेंगण्या ‘मोरयर’ लोकांना. या दंतकथा जरूर टिपून ठेवाव्यात. काळ मात्र त्यांवरून ठरवू नये.

खरी शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन थडग्यांभोवतीची दगडी रिंगणं, पाहायची तर भुसावळहून रात्रीची गाडी धरून नागपूर गाठावं. काटोल रस्त्याला जुनापाणी येथे अशी सुमारे 300 थडगी आहेत. सकाळी लवकर जावं. काही शिळांवर वाटीसारखे उथळ खळगे रांगेत कोरलेले आहेत. ते तिरप्या उन्हातच उठून दिसतात, दुपारी हात फिरवूनच शोधावे लागतात. फोटोसाठी त्यांत खडू भरू नये.

ओळखायचं कसं? कडेला मोठ्या शिळा, आत लहान गोट्यांचा भराव आणि तो भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंच. आत भराव नसेल आणि एका बाजूला वाट सोडलेली असेल, तर तो बहुधा गुरांचा वाडा. बांधावरचा ढीग नांगरटीत वेचलेल्या दगडांचा. चंद्र-सूर्य कोरलेला उभा दगड बहुधा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक, तो मध्ययुगातला. सातपुड्यातले भिल्लांचे स्मृतिदगड तर आजही पुजले जातात. त्यांना ‘प्रागैतिहासिक’ म्हणणं म्हणजे जिवंत माणसांना इतिहासात ढकलणं.

धनाच्या आशेने वर्तुळाच्या मधोमध खड्डा पाडला जातो. हाती लागतात फुटकी मडकी, गंजलेलं लोखंड, हाडं. नागपूरजवळच्या माहुरझरीला उत्खननात घोड्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. पण घोड्याच्या हाडांशेजारी सापडले म्हणून ते घोड्याचे हे कळलं. खड्ड्यातून उपसून काढलेल्या वस्तूला ही ओळख उरत नाही.

आपल्याकडेही गिरणाकाठी, बहाळच्या पलीकडे टेकवाडे येथे 1950 च्या दशकात प्राचीन दफनं आणि काळी-तांबडी भांडी मिळाली. अशी भांडी ओढ्याच्या दरडीत किंवा विहीर खणताना आजही निघू शकतात. निघालीच तर काम तिथेच थांबवावं, मडकं धुऊ नये, आतली माती उपसू नये. धान्याचे जळके दाणे, मणी त्या मातीतच असतात. जागेवरच फोटो काढून तहसील कार्यालयाला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

— एक वाचक, चाळीसगाव