पाणीकपात नको, पाणी वाचवायचा आकडा कायद्यात हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की तुमच्या पेपरात मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांचा तो छोटा तक्ता यायला लागतो, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, आणि प्रत्येकापुढे किती पाणी उरलंय ते. मी तो रोज वाचते. सातही तलाव भरले की साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतात हे मला पाठ झालंय, कारण मी मुलुंडला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि कपात जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बेल माझ्याच दाराची वाजते. २०२४ ला ३० मेपासून ५ टक्के कपात झाली, ५ जूनपासून १० टक्के, मग जुलै अखेरीला तलाव भरत आले तशी ती उठली, आणि उठली त्या दिवसापासून सगळे पाणी विसरले. गच्चीवरची टाकी परत भरून वाहायला लागली, गाड्या परत पाइप लावून धुवायला लागले. म्हणजे आपल्याकडे पाणी वाचवायचं ते पाऊस लांबला तरच, आणि तेही दोन महिने. माझं म्हणणं एवढंच आहे की शहराने माणशी किती पाणी वापरायचं आणि शेतीने हेक्टरी किती, आणि हे कुठल्या वर्षापर्यंत गाठायचं, तो आकडा राज्याच्या कायद्यात लिहिलेला पाहिजे. आयुक्तांच्या पत्रकात नको, कायद्यात.

हे कुठे झालंच नाहीये असं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली असा कायदा केला की शहरांमधला माणशी पाणीवापर २०२० संपेपर्यंत २० टक्क्यांनी खाली आणायचा, मध्ये २०१५ ला १० टक्क्यांचा टप्पा, आणि ज्या पाणीपुरवठा संस्था हे करणार नाहीत त्यांना राज्याकडून पाण्याच्या कामाची ग्रँट आणि कर्ज मिळणार नाही. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पैसा अडला की फाइल हलते हे कुठल्याही देशात खरं आहे. २०१५ ला तिथे मोठा दुष्काळ होता, तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांना २५ टक्के बचत सक्तीची केली आणि लोकांनी जवळपास तेवढी करून दाखवली. दर महिन्याला कुठल्या शहराने किती वाचवलं ते जाहीर होत होतं.

पण त्याच कायद्यात शेतीला मात्र टक्केवारी दिली नाही. मोठ्या, म्हणजे २५ हजार एकरांच्या वर सिंचन करणाऱ्या संस्थांनी पाणी मोजून द्यावं, पट्टीचा निदान काही भाग मोजमापावर घ्यावा आणि नियोजन आराखडा करावा, एवढंच. आणि तिथे माणसांच्या वापरातलं ८० टक्के पाणी शेतीलाच जातं. थोडं वापरणाऱ्याला आकडा दिला आणि जास्त वापरणाऱ्याला आराखडा, ही त्यांची कमी बाजू आहे, आपण करताना ती उचलायची गरज नाही. त्यांचे आकडेही उचलायची गरज नाही, त्यांचं घरातल्या वापराचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ गॅलन ठरलं होतं, म्हणजे सुमारे २०८ लिटर, जे आता टप्प्याटप्प्याने कमी होतंय. आपल्याकडे शहरासाठी १३५ लिटरच धरतात.

आता १३५ हा आकडा धरतात खरं, पण मोजतं कोण. आमच्या ४२ फ्लॅटना मिळून एक मीटर आहे आणि बिल सगळ्यांना सारखं वाटून. एका फ्लॅटमध्ये एकटे आजोबा राहतात, त्यांच्या वरच्या मजल्यावर सात माणसं आणि रोज दोनदा वॉशिंग मशीन, दोघांना सेम रक्कम. मी एजीएममध्ये फ्लॅटवार मीटरचा विषय आणला तेव्हा प्लंबरने सांगितलं की जुन्या बिल्डिंगमध्ये किचनची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासाची वेगळी, म्हणजे एका घराला तीन मीटर बसवावे लागतील, खर्च ऐकून विषय तिथेच संपला. मी आकस नाही धरत, खर्च खरंच झेपणारा नव्हता. पण जे टॉवर आत्ता रीडेव्हलपमेंटला उभे राहतायत त्यांना एका घराला एकच इनलेट आणि एक मीटर बंधनकारक करायला काय हरकत आहे, एकदा भिंत बांधून झाली की पुढची ५० वर्षं काही करता येत नाही. मी फक्त एवढं करते, दर महिन्याला रीडिंग घेऊन माणसांच्या संख्येने भागते आणि नोटीस बोर्डवर लावते. आमचा आकडा १३५ च्या बराच वर होता. बोर्डवर लागल्यापासून फ्लश टाकीची गळती लोक स्वतःहून सांगायला येतात, हे आधी कधी होत नव्हतं.

नुसता नियम केला आणि मोजलंच नाही की काय होतं त्याचं उदाहरण आमच्याच आवारात आहे. मुंबईत २००२ पासून १००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं सक्तीचं झालं, २००७ ला ती मर्यादा ३०० वर आणली, नंतर परत बदलली. आमच्या बिल्डरने त्याप्रमाणे खड्डा खणला, वाळू-खडी टाकली, पाइप जोडला, ओसी म्हणजे राहायला जायचा दाखला मिळाला. त्यानंतर आजपर्यंत एकही माणूस तो खड्डा बघायला आलेला नाहीये. मी सेक्रेटरी झाले तेव्हा त्यात गाळ आणि जुन्या टाइल्सचे तुकडे होते, साफ करायला दोन दिवस लागले. ज्या ऑफिसात मी दोन वेळा अर्ज घेऊन गेले की बाबांनो चेक करून जा, तिथून मला उत्तर नाही मिळालं. जमिनीत किती पाणी जिरवायचं हा आकडाच कोणी मागत नसेल तर उत्तर तरी कोण देणार.

आणि गळती. मुंबईला रोज साधारण ३९०० दशलक्ष लिटर पाणी येतं आणि गळती, चोरी, हिशोबात न बसणारं सगळं धरून चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा जातो असं वर्षानुवर्षं ऐकतोय. आपण कमीत कमी, म्हणजे चौथा हिस्सा धरू, तरी ९५० च्या वर झाले. वाडा तालुक्यात जे गारगाई धरण प्रस्तावित आहे त्यातून रोज ४४० मिळणार, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट पहिल्या टप्प्यात २००. म्हणजे गळती अर्ध्यावर आणली तर एका गारगाईएवढं पाणी मिळतं, जंगल न बुडवता आणि गावं न उठवता. हे अवघड आहे मला मान्य आहे, ब्रिटिशकालीन लाइनी आहेत, वरून रस्ते, मेट्रो, झोपड्या, सगळंय. पण म्हणूनच अमुक वर्षी इतके टक्के हे बंधन पाहिजे, नाहीतर नवीन धरणाचं टेंडर हे जुना पाइप शोधण्यापेक्षा नेहमीच सोपं वाटणार.

सांडपाणी शुद्ध करून परत वापरायचंही तेच, त्यालाही असंच बंधन पाहिजे. नागपूर महापालिकेचं शुद्ध केलेलं सांडपाणी, दिवसाला १३० दशलक्ष लिटर, कोराडीच्या वीज केंद्राला जायला लागलं, म्हणजे आपल्याच राज्यात जमलंय.

शेतीबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, मुंबईत बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारी पत्रं मी पण वाचलीयेत आणि मला ती आवडत नाहीत. पण माझं सासर माढा तालुक्यातलं, उजनीच्या लाभक्षेत्रातलं, त्यामुळे थोडं माहितीये. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला ६३ मृतसाठा, आणि तरी उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेली हे वाक्य आमच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येतं. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस ४ टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी घेतो दोन तृतीयांशाच्या घरात. माझ्या दिरांना मी विचारलं तर म्हणाले, वहिनी, ज्वारीला भाव नाही, डाळिंबावर तेल्या येतो, ऊस तेवढा एफआरपीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने, जातो आणि कारखान्याची टोळी फडात येऊन तोडून नेते, मग मी काय लावू सांगा. मला उत्तर देता आलं नाही. त्यामुळे नुसतं ऊस लावू नका म्हणणारा कायदा मला मान्य नाही. हेक्टरी घनमीटर ठरवून द्या, ते चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी मोजून द्या, त्यात ठिबकवर ऊस बसत असेल तर बसू दे, नसेल तर तूर-ज्वारीच्या खरेदीची तितकीच पक्की हमी द्या.

आणि हे सगळं नवीन आहे असंही नाही. २००५ सालीच आपल्या विधानमंडळाने दोन कायदे केले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि एक शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. पहिल्यात बारमाही पिकांना कालव्याचं पाणी देताना ठिबक-तुषारची अट घालायची सोय आहे, दुसऱ्यात पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी द्यायचं म्हटलंय. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या संस्थांनी ते करून दाखवलं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पाणी पोचलं. त्याच्याही आधी, ७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, जमीन किती ते न बघता माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र अजून पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, अंदाजावर चाललंय, वरचा मोकाट सोडतो आणि खालचा रात्री चारीवर जागत बसतो.

एक गोष्ट कायदा करणाऱ्यांनी विसरू नये. टार्गेट सरसकट नको. मुंबईच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षं माणशी ४५ लिटरचा हिशोब धरला गेला आणि हायकोर्टाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं की अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे. ज्याला ४५ मिळतात त्याला २० टक्के वाचव कसं म्हणणार. खाली किमान ठरवा, तेवढं प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, आणि त्याच्या वर जो जातो त्याच्याकडूनच बचत मागा.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं आहे. तानसा आमच्याच तालुक्यात, भातसाही आमच्याच, आणि मार्च-एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकर. लहानपणी मी आईबरोबर मुंबईच्या पाइपलाइनवर जायचे, तिथे एका व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं, बायका खाली हंडे लावून नंबर धरायच्या आणि उरलेल्या पाण्यावर कपडे धुवायच्या. आता मी त्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि गळती बंद करा म्हणून पत्र लिहितेय, तेव्हा मला तो व्हॉल्व्ह आठवतो. तो दुरुस्त झालाच पाहिजे. पण त्याआधी त्या पाड्यावर नळ पाहिजे, म्हणून धरणाखालच्या आणि धरणाशेजारच्या गावांचा वाटा त्याच कायद्यात, त्याच पानावर, लिटरमध्ये लिहा, आणि तो दिल्याशिवाय मुंबईची बचत पुरी झाली असं धरू नका.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई