बिलाच्या एका आकड्यात अडकलेला टॉवेल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निर्यात मंदावली की आपण सोलापूरकर सुताचा भाव, वीजदर आणि परदेशातले आयातशुल्क यांच्याकडे बोट दाखवतो. ही दुखणी खरीच आहेत. पण आमचे पैसे गेल्या वर्षी पाच महिने अडकले, ते आमच्याच कागदांमुळे.

एलयूटी, म्हणजे आधी कर न भरता निर्यात करू देणारे जीएसटीचे हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे लागते. एप्रिलमध्ये आम्ही विसरलो, म्हणून आयजीएसटी (निर्यातीवरचा जीएसटी, जो नंतर परत मिळतो) भरून टॉवेल पाठवावे लागले. आमच्या बिलाचा क्रमांक होता '२५-२६/०१७'. न्हावा शेवा बंदरातल्या एजंटाने शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, नुसते '१७' लिहिले. माल पोचला, ग्राहकाचे पैसेही आले. पण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला क्रमांक कस्टमच्या क्रमांकाशी जुळेना आणि परतावा हलेना. शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज समजला जातो, हे मला तेव्हा कळले. दोन्ही क्रमांक एकाच बिलाचे आहेत असा तक्ता कस्टममध्ये दिला, तेव्हा कुठे गाठ सुटली. तोवर सूतवाल्याची उधारी थकली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढली. तेव्हापासून 'भेटवस्तू लिहा, किंमत निम्मी टाका' असे सल्ले सर्रास मिळतात. कृपा करून कोणी ऐकू नये. खोके उघडले आणि आत विक्रीचे चार डझन टॉवेल निघाले, तर माल तर जातोच, ग्राहकही जातो. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाच्या मालावर खोटे लेबल लावायचे?

नियम जाचक आहेत असे मी म्हणत नाही. ते आमच्यापर्यंत आमच्या भाषेत पोचत नाहीत. अक्कलकोट रोडवरचा दहा-बारा मागांचा मालक दिवसभर मागापाशी उभा असतो; घरी तेलुगू, बाजारात मराठी. त्याच्या हातात इंग्रजी फॉर्म पडला की तो एजंट सांगेल तिथे सही करतो. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी, टपाल आणि जीएसटी खात्याने मिळून महिन्यातून एक दिवस एमआयडीसीत जाणता माणूस बसवावा. माल निघण्याआधी बिल, पॅकिंग लिस्ट, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) आणि शिपिंग बिलाचा मसुदा एकमेकांशेजारी ठेवून त्याने मराठीत-तेलुगूत तपासून द्यावे. मार्चमध्ये दोन दिवस बसावे, एलयूटीसाठी.

असे झाले तर आमची ती पाच महिन्यांची फाईल मी स्वतः घेऊन येईन, इतरांना दाखवायला.

आपला,
एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड, सोलापूर