पुरावा धाराशिवचा, तपासणी मात्र धाराशिवलाच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर आपल्या आरोग्य पानात आलेला लेख वाचला. लशीची माहिती चांगली दिली आहे. पण लस प्रामुख्याने शाळकरी मुलींसाठी. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी काय करायचे, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मॉलिक्युलर प्रयोगशाळेची तंत्रज्ञ आहे. माहेर कळंब तालुक्यातले. या कॅन्सरवरचा जगातला एक फार मोठा अभ्यास आमच्याच जिल्ह्यात झाला, हे इथल्या डॉक्टरांनाही अनेकदा सांगावे लागते. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी झाली, काहींत पॅप स्मिअर म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या प्रकारच्या गटांत तुलनेसाठी यांतली कुठलीच तपासणी केली नाही.

आठ वर्षांनंतरचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी झाली नव्हती, त्या ३१ हजारांवर बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात बायका थोड्या जास्तच, ३४ हजारांवर होत्या, तिथे ३४ गेल्या. आणि हा फरक आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीचा. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस करते, त्यामागे उस्मानाबादचे हे आकडे आहेत. ते आकडे म्हणजे आमच्या आया, मावश्या. माझ्या आईचीही तेव्हा तपासणी झाली होती. सही न येणाऱ्या बायकांनी कागदावर अंगठे उठवले, असे ती सांगते.

आणि आज? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या आराखड्यात प्राथमिक केंद्रांसाठी व्हिनेगरचीच तपासणी ठरवलेली आहे. ती करणाऱ्या सिस्टर मनापासून काम करतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण व्हिनेगर लावल्यावर बिघडलेल्या पेशींचा पांढरा डाग दिसला की नाही, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि उजेडावर अवलंबून. विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. इतका अवधी हातात असताना बाई आमच्यापर्यंत येते ती अंगावरून रक्त जायला लागल्यावर.

चाचणी म्हणजे काही अवघड विद्या नाही. छोट्या ब्रशने गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन द्रवाच्या नळीत बुडवायच्या. आता बाई स्वतःही आडोशाला जाऊन योनीमार्गातून नमुना घेऊ शकते. प्रयोगशाळेत आम्ही त्यातून डीएनए वेगळा काढतो, प्लेटच्या खळग्यांत मास्टरमिक्स म्हणजे चाचणीची रसायने भरतो, त्यावर नमुना सोडतो आणि पीसीआरचा, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारा, रन लावतो. चाळीसेक फेऱ्यांमध्ये जो डीएनए नमुन्यात असेल त्याची रेष पडद्यावर वर चढताना दिसते. विषाणूच्या रेषेआधी मी दुसरीच रेष पाहते. ती माणसाच्या स्वतःच्या जनुकाची असते. ती उठली नाही, तर नळीत बाईच्या पेशीच आलेल्या नाहीत. मग ‘निगेटिव्ह’ लिहायचे नाही, नमुना पुन्हा मागवायचा. एचपीव्ही १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे हे सुमारे ७० टक्के कॅन्सर होतात, त्यामुळे त्यांच्या रेषा वेगळ्या तपासतात. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींचा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. पेशी बिघडलेल्या दिसल्याच, तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येतो. गर्भाची पिशवी काढावी लागत नाही.

हे ठासून लिहिते, कारण आमच्या भागात कॅन्सरच्या नावाने काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईही ऊसतोडीला जात. पांढरे जाते म्हणून त्या एका खासगी दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली आणि “पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल,” एवढे ऐकवून ऑपरेशन ठरले. पेशींची कसलीही तपासणी नाही. वय तेहतीस. उचल घेऊन पैसे भरले. आज कंबर धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. त्या दिवशी कुणी ब्रशचा एक नमुना घेतला असता, तर विषाणू आहे की नाही एवढे तरी कळले असते. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला पुढची पाच वर्षे तरी या कॅन्सरच्या भीतीने कुणी टेबलावर घेऊ शकत नाही.

कोविडमध्ये आमच्याकडे आरटीपीसीआर यंत्रे आली. तेव्हा रात्रपाळीतही रन चालत. आता आमचे यंत्र आठवड्यातले बरेच दिवस झाकून असते. हात शिकलेले आहेत, फ्रीझर आहे, कमी आहे ती एचपीव्ही किटची आणि वरून एका आदेशाची. ग्रामीण रुग्णालयांत क्षयरोगाच्या तपासणीसाठी ट्रूनॅट नावाची छोटी पीसीआर यंत्रे आहेत. त्यांच्यावर चालणारी एचपीव्ही चाचणीही देशातच तयार झाली आहे.

आरोग्य विभागाला आपल्या पत्रातून विनंती आहे, की धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत पस्तिशीच्या आणि पंचेचाळिशीच्या बायकांपासून ही चाचणी मोफत सुरू करावी. नमुने गोळा करायला आशाताई आहेत, पण त्यांना नमुन्यामागे मोबदला द्यावा, फुकटात राबवू नये. पॉझिटिव्ह बाईचे पुढचे उपचार तालुक्यालाच व्हावेत, आणि कॅन्सर निघाला तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात तिची तारीख आशाताईंनीच लावून द्यावी. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. तेव्हा पहिली शिबिरे भाद्रपदात लावावीत, म्हणजे बाई गाव सोडण्याआधी तिचा रिपोर्ट तिच्या हातात पडेल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कळंब, जि. धाराशिव