परिक्रमेला निघण्यापूर्वी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमेला निघण्याचा विचार तू फोनवर सांगितलास तेव्हा मी लगेच होकार दिला. पण त्या होकारामागचे सगळे फोनवर बोलता येण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. तुझी आई गेल्यानंतर मी चालायला निघालो आणि परत आलो, तेव्हा माझ्यात काहीतरी बदलले आहे हे तूच सर्वांत आधी ओळखलेस. ते कशाने बदलले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

चालल्याने दुःख विसरायला होते असे तुला अनेक जण सांगतील. माझा अनुभव तसा नाही. सुरुवातीच्या दिवसांत तुझ्या आईची आठवण घरी येई त्याहून जास्त येत असे, कारण घरी निदान फोन वाजे, दार वाजे. तिथे मैलोगणती बोलायला कोणी नसते. अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते आणि आपल्याला ती उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, दोन्ही तीर चालायचे असतात. जुन्या रीतीप्रमाणे परिक्रमेला ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस लागतात, कारण चातुर्मासात एका जागी थांबायचे असते. आता बहुतेक लोक काही महिन्यांत पूर्ण करतात. तू किती दिवसांत करतेस याला माझ्या लेखी महत्त्व नाही, आणि तूही तो हिशेब ठेवू नयेस असे मला मनापासून वाटते.

मला सावरले ते घेण्याने. आपल्या घरी सुतकाच्या दिवसांत शेजाऱ्यांचे डबे येत होते ते तुला आठवत असेल. त्या डब्यांचे मला ओझे वाटे. प्रत्येकाची परतफेड कधी आणि कशी करायची हेच मनात घोळत राही. परिक्रमेत साठा करायचा नसतो. संध्याकाळी एखाद्या आश्रमाच्या किंवा घराच्या दारात ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहायचे, आतून ‘किती मूर्ती?’, म्हणजे किती जण, असे विचारले जाते, आणि मग शिजलेले अन्न मिळते किंवा सदाव्रत म्हणून पीठ, डाळ, मीठ हातात पडते. ज्यांनी दिले त्यांच्याकडे आपण बहुधा पुन्हा कधीच जाणार नसतो. परतफेडीची वाटच बंद असल्यामुळे, मुकाट्याने घेणे एवढेच उरते.

सातपुड्यातला टप्पा तुला सर्वांत अवघड जाईल आणि तोच सर्वांत जास्त देईल. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. शूलपाणीच्या झाडीत एके काळी परिक्रमावासीयांना अंगावरच्या वस्त्रांसकट लुटले जाई. काठावरची जुनी पायवाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, तशी गावे आणि शेतेही गेली. डोंगरातल्या अशाच एका पाड्यावर दुपारी पावरा या आदिवासी समाजातल्या एका आजींनी मला बसवले, चुलीवरून मक्याची भाकरी काढली, तिच्यावर उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा घातला, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. त्यांची भाषा मला नीट कळत नव्हती. हात करून त्यांनी खाली पाण्याकडे दाखवले. त्यांचे जुने घर तिथे होते, एवढे समजले. ज्या बाईचे घर नदीने, किंवा खरे म्हणजे धरणाने, नेले, तिने त्याच नदीच्या नावाने मला जेवू घातले. त्या जेवणानंतर, कित्येक महिन्यांत प्रथमच, मी तुझ्या आईबद्दल एका परक्या माणसाजवळ, माझ्या तुटक्या हिंदीत, भरभरून बोललो. आजींना त्यातले किती कळले असेल, कोण जाणे, पण त्यांनी मध्येच थांबवले नाही.

एवढे सांगूनही एक गोष्ट ठामपणे सांगतो. गेल्या वर्षापासून तुला झोपेसाठी आणि मनाच्या अस्वस्थतेसाठी ज्या गोळ्या चालू आहेत, त्या परिक्रमेच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. वाटेत कोणी साधू किंवा सहप्रवासी ‘मैया सगळे बरे करील, औषध सोडा’ असे म्हणाला, तर त्याला नमस्कार करून पुढे चालू लाग. माझी मैयावर श्रद्धा आहे आणि तुझ्या डॉक्टरांवरही आहे. त्या दोन श्रद्धांचे कधी भांडण झाले नाही.

समुद्र ओलांडण्यासाठी दक्षिण तीरावरच्या कठपोरहून उत्तर तीरावरच्या मीठी तलाईला जाणारी नाव भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे तिथे कधी रात्रभरही ताटकळावे लागते. त्या नावेत एकटी न बसता ओळखीच्या जथ्याबरोबर बस. पहिले आठ-दहा दिवस थोडेच चाल, पाठीवरचे ओझे कमी ठेव, आणि पायाला फोड आला तर तो बरा होईपर्यंत जिथे असशील तिथेच थांब; लोक ठेवून घेतात. मधूनच सोडून यावेसे वाटले तर नि:संकोच ये, घरी कोणी कारण विचारणार नाही.

पुढच्या आठवड्यात तू इथे येशील तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत माझ्याकडे ठेवून जा, आणि गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम घेऊन ठेव, कारण आडगावांत त्या मिळणार नाहीत.

तुझे,
बाबा